न धरलेली खोली

चोरी म्हटलं की डोळ्यापुढे काय येतं? फोडलेलं कुलूप, मारलेला खिसा, भिंतीवरून टाकलेली उडी. मोजमास्तरनं यातलं काहीएक केलं नाही. त्यानं फक्त एक खोली हिशोबात धरली नाही. आणि तेवढ्यानं त्याचं जे काही झालं ते शत्रूचंही होऊ नये.

मोजमास्तर हे त्याला बँकेतल्या लोकांनी ठेवलेलं नाव. कुणी घरासाठी कर्ज मागितलं की बँक आधी ह्याला पाठवायची. हा जायचा, भिंती बोटांनी वाजवून बघायचा, फरशीवर उकिडवा बसून कोपऱ्यातली ओल हुंगायचा, लेझरच्या यंत्राचा लाल ठिपका ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर टाकत खोल्या मोजायचा, आणि घरवाल्यांनी पुढे केलेल्या चहाला हातही न लावता निघून जायचा. चहा प्यायला की आकडा फुगतो, असं त्याचं म्हणणं. असा सरळ माणूस. लोकांच्या घरांच्या किमती काढता काढता केस पिकले, पण त्याच्या आकड्याला कुणी बोट लावलं नव्हतं. आता वेळ आली ती स्वतःच्या घराची.

तो आणि चष्मेवाली दहा-बारा वर्षं एका छपराखाली राहिले. लग्न केलं नाही. करू करू म्हणता राहून गेलं, आणि मग न करण्याची सवय झाली. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायची, नंबराप्रमाणे फ्रेममध्ये बसवायची. घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, आणि भिंगरी तर दोघांच्या डोक्यावरच! भिंगरी म्हणजे त्यांची लेक, नऊ वर्षांची, एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ.

मग एक दिवस चष्मेवाली म्हणाली, "मला वाटतं आपण वेगळं राहावं." तो म्हणाला, "बरं." झालं! एवढ्यावर दहा-बारा वर्षांचा संसार आटोपला. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडायला तरी तोंड उघडावं लागतं, आणि मास्तर घरात तोंड उघडायचा तो जेवायलाच. तिची तक्रार नेमकी तीच होती.

लग्न नव्हतं म्हणून काडीमोडाचीही भानगड नव्हती, पण वाटण्या काही टळत नव्हत्या. दोघं एका मध्यस्थबाईंकडे गेले. बाईंचं ऑफिस वह्या-पेनांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, खुर्च्या तीन, आणि पंखा असा की वारा कमी अन् कुरकुर जास्त. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. घर मास्तरनं ठेवायचं. घराची जी किंमत येईल तिच्यातून राहिलेलं कर्ज वजा करायचं आणि उरेल त्याचा अर्धा भाग चष्मेवालीला द्यायचा. भिंगरीनं शाळेचे दिवस आईकडे राहायचं, शनिवार-रविवार बाबाकडे, आणि तिच्या खर्चाचे पैसे मास्तरनं दर महिन्याला आईच्या हातात ठेवायचे.

"किंमत मात्र दोन वेगवेगळ्या माणसांकडून काढून घ्या," बाई म्हणाल्या. "पुढे कटकट नको."

चष्मेवाली हसली. "अहो बाई, हा माणूस अख्ख्या गावाच्या घरांची किंमत काढतो. आमच्या घरासाठी बाहेरून कुणाला आणू? हा सांगेल तो आकडा मला मान्य."

"विचार करा बरं का."

"बाई, हा माझ्याशी बोलत नाही ही माझी तक्रार आहे. खोटं बोलतो अशी नाही."

मास्तर पंख्याकडे बघत बसला. तेव्हा त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. उलट ऊर थोडा भरूनच आला होता. बाईंनी मुलीच्या खर्चाचं लिहून घेऊ का विचारलं, तर चष्मेवालीनं तेही उडवून लावलं. "ते आमचं आम्ही बघू हो. लेकीचे पैसे काय लिहून घ्यायचे?"

पुढच्या रविवारी ती भिंगरीला घेऊन भाड्याची घरं बघायला गेली, आणि हा यंत्र घेऊन स्वतःच्याच हॉलमध्ये उभा राहिला. हॉल मोजला, स्वयंपाकघर मोजलं, वरची खोली मोजली. एवढ्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, जिला न विचारता सगळं बोलायची सवय.

"तिला किती द्यावे लागणार रे?"

"मोजतोय अजून."

"मोज, मोज. जाणारी ती, आणि घर गहाण टाकणारा तू. हप्ता भरता भरता म्हातारा होशील, सांगून ठेवते."

त्यानं फोन ठेवला. ताईचं बोलणं तो एरवी ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा. आज ते आत कुठेतरी बसलं. खरंच, जाणारी ती होती. आपण कुठे म्हटलं होतं जा म्हणून? तिचा वाटा द्यायला नवं कर्ज काढलं तर हप्ता किती बसेल ह्याचा त्यानं मनात अंदाज घेतला. मग तो मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

ती भिंगरीची खोली. आधी तिथे नुसती मोकळी जागा होती, कपडे वाळत घालायची आणि मोडकी सायकल ठेवायची. चष्मेवालीच्या वडिलांचं दुकान विकलं गेलं तेव्हा तिच्या वाट्याला आलेले पैसे तिनं होते तेवढे ह्या खोलीत घातले. परवानगीसाठी खेटे घातले मास्तरनं. बांधून झाल्यावर पक्का दाखलाही त्यानंच आणला, कारण असली कामं तिला कळत नव्हती आणि ह्याला डोळे मिटून यायची. खोली एकदम कायदेशीर. बँकेनं डोळे झाकून धरावी अशी.

त्यानं यंत्र उचललं. लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडला, भिंगरीनं चिकटवलेल्या घोड्याच्या चित्रावर, नेमका पोटावर. आकडा दिसला. खोलीची किंमत त्याच्या डोक्यात आपोआप तयार झाली, तिच्यातला अर्धा वाटाही तयार झाला. त्यानं यंत्र बंद केलं आणि दार ओढून घेतलं. खोली हिशोबात धरली नाही.

आकडा त्यानं तिला स्वयंपाकघरात सांगितला. ती ओट्याशी उभी राहून डबे खोक्यात भरत होती, अर्धे तिचे, अर्धे त्याचे, झाकणं मात्र सगळी एकत्र झालेली.

"एवढीच?" ती म्हणाली. "मला वाटलं जास्त येईल."

"मागची खोली धरत नाहीत."

"म्हणजे? आपण परवानगी काढली होती ना?"

"बांधायची परवानगी वेगळी, बँकेनं धरायची खोली वेगळी. नंतरचा एक दाखला लागतो. तो नाही आपल्याकडे." बोलताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही, आणि त्याचंच त्याला नंतर जास्त वाईट वाटलं.

"हात्तिच्या! म्हणजे बाबांचे पैसे मातीतच गेले म्हणायचे." तिनं एक झाकण दोन डब्यांना लावून बघितलं. मग थांबून म्हणाली, "तुझी तरी काय चूक म्हणा. आणि ऐक, घराचीच किंमत अशी पडली तर नुकसान तुझंही आहे, वर हप्त्याचं ओझं. भिंगरीचे आपण ठरवले त्यातले थोडे कमी दे महिन्याला. मी भागवीन."

आता बोल की रे बाबा! हीच वेळ होती. पण मास्तर नुसतं म्हणाला, "बघू." आणि कमी पैसे द्यायला लागला.

शाळेजवळ दोन खोल्यांचं एक घर तिच्या मनात भरलं होतं. विकत घ्यायचं होतं ते. हातात येणाऱ्या पैशात बसेना, तेव्हा तिनं पुलापलीकडे भाड्याचं घर घेतलं. तिथून शाळेला यायला दोन बस. भिंगरीला सकाळी झोपेतून ओढून उठवावं लागे आणि बसमध्ये ती आईच्या खांद्यावर पुन्हा झोपून जाई. हे चष्मेवालीनं तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं.

अपराधी माणसाला दानधर्म सुचतो. ह्यालाही सुचला. पुढच्या महिन्यात तो दुकानात गेला, तिच्या पुढ्यात पाकीट ठेवलं आणि म्हणाला, "आता दर महिन्याला एवढे देत जाईन." आधी ठरलं होतं त्याच्याहूनही जास्त होते.

तिनं डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "हे काय? आणि तुझा हप्ता?"

"भागतं माझं."

"मालक, बघा हो!" ती दुकानाच्या मालकाला म्हणाली. "लोक म्हणतात वेगळे झाले की पुरुष खिसे शिवून टाकतात. हा बघा माझा माणूस." आणि मग जरा लाजून, "माझा म्हणजे, भिंगरीचा बाबा."

मालकानं मान डोलावली. मास्तरला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. हिशोब त्यालाही कळत होता. पैसे लेकीच्या नावानं जात होते, आणि बुडवले होते ते आईचे. एकीचं काढून दुसरीला द्यायचं, आणि वर तिसऱ्यासमोर शाबासकी घ्यायची! घरी आल्यावर त्यानं आरशात बघून दाढी करायचाही कंटाळा केला. स्वतःचीच लाज वाटत होती त्याला, सरळ शब्दांत सांगायचं तर.

मग एका शनिवारी सकाळी तो भाजी घेऊन परत आला तर भिंगरीची गादी हॉलमध्ये. सोफ्याच्या मागे, भिंतीला लागून. शेजारी दप्तर, रंगांचा डबा, भिंतीवरून काढलेला घोडा गुंडाळी करून. आणि ती स्वतः उशीला खोळ घालायच्या खटपटीत.

"हे काय चाललंय?"

"मी इथे झोपणार आता."

"का? तुझी खोली आहे की."

"ती घरात धरत नाहीत ना? आई म्हणाली. तू सांगितलंस तिला." उशी खोळीत आडवी गेली होती. तिनं ती उपसून पुन्हा घातली. "मी तिथे झोपले तर मी घराबाहेरच झोपल्यासारखं झालं. मी शनिवार-रविवार तर येते, तेवढं तरी घरात राहते."

"वेडी का तू? तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"

ज्यानं बँकेच्या मोठमोठ्या साहेबांना घरं समजावून सांगितली, त्यानं नऊ वर्षांच्या पोरीपुढे नुसती भाजीची पिशवी खाली ठेवली. "गादी आत नेऊ का?" त्यानं विचारलं.

"नको. आई म्हणते बाबा सांगतो तसंच असतं." आणि ती भिंगरीसारखी उठून पळाली, खेळायला.

दोन दिवस त्या गादीला वळसा घालत तो इकडून तिकडे फिरला. सोमवारी वाटणीच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या.

मध्यस्थबाईंनी कागद टेबलावर पसरले. चष्मेवालीनं पर्समधून पेन काढलं, टोपण दातानं उघडलं, आणि सही करायला वाकली.

"एक मिनिट," मास्तर म्हणाला.

दोघींनी वर बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खरं तर सगळं ओकून टाकायचं म्हणूनच तो घरून निघाला होता. जिन्यात त्यानं शब्दही जुळवले होते. पण समोर तिचा चेहरा दिसला आणि त्यातले निम्मेच बाहेर आले.

"ती मागची खोली," तो म्हणाला. "ती धरायला हवी. धरतात तशी. माझी... माझ्याकडून चूक झाली."

"होतं असं," बाई लगेच म्हणाल्या. भल्या बाई त्या. "स्वतःच्या घराच्या बाबतीत माणूस गडबडतोच. आत्ताच लक्षात आलं ते बरं झालं."

चष्मेवालीनं केवढा तरी श्वास सोडला. "एवढंच ना? अरे, चेहरा बघ तुझा! मला वाटलं भिंगरीलाच काही झालं." तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. कित्येक महिन्यांनी ठेवला असेल. "चुकतो रे माणूस. तू सांगितलंस ना आपणहून? झालं तर मग. दाखल्याचं काय मग?"

"आहे दाखला."

"बघ, आणि मी उगाच हळहळले. बाई, अंदाजे काहीतरी लिहून ठेवा, हा नंतर नीट बघून सांगेल. अंदाजे किती रे होतील त्या खोलीचे?"

"नऊ लाख साठ हजार," मास्तर म्हणाला. "तुझ्या वाट्याला चार लाख ऐंशी."

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. जीव भांड्यात पडला होता ना, त्या नादात तोंडातून निघून गेलं. बाईंनी आकडा लिहूनही घेतला. चष्मेवालीचा हात मात्र मनगटावर होता तिथेच थांबला.

"आत्ता काढलास आकडा?" तिनं विचारलं.

मास्तरनं पंख्याकडे बघितलं.

"बाजारातून पिशवी आणल्यावर किती झाले विचारलं तरी तू बघून सांगतो म्हणतोस. दहा-बारा वर्षांत मी तुझ्या तोंडून एक आकडा न बघता ऐकला नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "कधी काढला होतास?"

अजूनही थाप मारता आली असती. काल रात्री काढला, म्हणता आलं असतं. बाईंनीही मान डोलावली असती. पण मास्तरमधला जो काही सरळ माणूस शिल्लक होता तो तेवढ्यापुरता जागा झाला.

"त्याच रविवारी. बाकीचं घर मोजलं तेव्हा."

तिनं हात काढून घेतला. पंखा कुरकुरत होता. बाई कागदाकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मी ओट्याशी उभी राहून तुला सूट देत होते," ती म्हणाली, "आणि तू ती घेत होतास."

"मी नंतर जास्त देत होतो. पाकिटात..."

"हो. आणि मी मालकासमोर तुझं कौतुक केलं." तिनं पेनाचं टोपण लावलं. चिडली असती, रडली असती, टेबलावरचं काही फेकून मारलं असतं तर मास्तरनं आनंदानं झेललं असतं. तसलं तिनं काही केलं नाही. ती बाईंकडे वळली. "बाहेरचा माणूस बोलवा, बाई. दोन बोलवा, तुम्ही म्हणाला होता तसे. सगळं घर नव्यानं मोजू दे. आणि भिंगरीचे पैसे तोंडी ठरले होते ना, तेही लिहून घ्या. तारखेसकट लिहा."

"अगं..."

"तू मला आता काही सांगू नकोस. भिंगरीला सांग. तिला मी सांगितलं होतं, बाबा म्हणतो तसंच असतं. ते निस्तरणं माझ्याच्यानं होणार नाही."

संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला तो फाटकाशी उभा होता. चष्मेवाली स्टॉपवर थांबली होती, समोरच्या बाजूला. भिंगरी उड्या मारत बाहेर आली, बाबाला बघून खूश झाली. सोमवारी बाबा म्हणजे नवलच. त्यानं तिला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. स्वतः उभाच राहिला.

"तुझी खोली घरातच आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून होती. मी आईला खोटं सांगितलं."

"का?"

"तिला पैसे कमी द्यावे लागावेत म्हणून."

भिंगरीनं पाय हलवायचे थांबवले. तिनं ते नीट समजून घेतलं, गणित समजून घेतात तसं. "म्हणजे मी हॉलमध्ये उगाचच झोपले?"

"हो."

"आणि आई म्हणाली, शाळेजवळच्या घराला पैसे पुरत नाहीत." ती जरा थांबली. "म्हणजे आम्ही पुलापलीकडे राहतो, ते पण उगाचच?"

ह्याला बघून सांगतो म्हणायची सोय नव्हती.

"हो," मास्तर म्हणाला. त्याला रडू फुटलं, भर रस्त्यात, शाळेच्या पोरांसमोर. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. एरवी तो ठेचकाळला तरी धावून फुंकर घालणारी पोर, पण ती जागची हलली नाही. मग तिनं दप्तर पाठीला लावलं.

"आमची बस येईल," ती म्हणाली.

तो तिच्याबरोबर रस्ता ओलांडायला निघाला. नेहमीच्या सवयीनं त्यानं हात पुढे केला. भिंगरीनं दप्तराचे दोन्ही पट्टे घट्ट धरले, आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, आणि एकटीच आईकडे चालत गेली.